टाच

दसरा चौकातल्या सिग्नलला मी थांबायची म्हणजे
डाव्या अंगठ्यावर एकशेऐंशी किलो तोलून
हिरव्याची वाट बघायची.
उजवा पाय ब्रेकवर. टाच हवेत.
मागच्या जुलैत चिखलात अंगठा सरकला
आणि गाडी हळूच, अगदी मर्यादेनं, आडवी झाली.
उचलायला चौघं धावले.
चौघांनीही एकच सल्ला दिला: स्कूटी.

माझी उंची चार फूट दहा.
पासपोर्टच्या फॉर्मवर मी तेवढीच लिहिली,
स्थळांच्या कागदावर आईनं पाच लिहायची.

म्हणून रविवारी, राजारामपुरीत, जिन्याखाली
पोतं अंथरून पाने मांडले.
जिन्याच्या कडीला दोर, दोराला हँडल.
चाक काढल्यावर गाडी
दाढ काढल्यासारखी दिसायला लागली.

फोर्कचं टोपण शेवटच्या आट्याला आलं की उडतं,
हे मला ठाऊक होतं. तरी उडालं.
हनुवटीला लागून शेवंतीच्या कुंडीत पडलं.
चौगुले काका गॅलरीतून म्हणाले, "लागलं काय ओ?"
नाही म्हटलं, आणि रक्त पुसलं.
रोज दुसऱ्यांचं काढते, आज माझं.

जुनं ऑइल उतरलं
गुऱ्हाळावरच्या मळीच्या रंगाचं, वास मात्र बांगड्याचा.
नवं मोजलं लॅबमधल्या मोजनळ्यानं,
टवका उडालेला, भंगारात काढलेला,
पण मिलिलिटरला अजून खोटं न बोलणारा.

नवी स्प्रिंग जुनीशेजारी उभी केली.
दीड इंचाचा फरक.
एवढ्यासाठी सहा वर्षं अंगठा झिजवला.

मागचा शॉक बधेना.
दाबायचं यंत्र परवडेना.
उद्यमनगरात बाबालालनं
आटे पाडलेल्या दोन सळ्या, दोन पट्ट्या घेऊन
चहा निवायच्या आत हत्यार करून दिलं.
पैसे विचारले तर म्हणाला,
"अम्मीची शुगर तपासलीसा, तवा घेतलासा काय?"
मग दुकानाबाहेर येऊन सांगितलं,
"दोन्ही सळ्या सारख्या आवळा. घाई केलीसा तर तोंडावर यील."

एक आटा ह्या अंगाचा, एक त्या अंगाचा.
दाबलेली स्प्रिंग मांडीवर घेऊन
मी श्वाससुद्धा हळू घेतला,
शेजारणीचं झोपलेलं पोर घेतल्यासारखा.

दिवेलागणीला सगळं बसलं.
गाडी स्टँडला लावली
आणि ती उजवीकडे कलंडायला लागली.
गाडी खाली आली होती,
स्टँड मात्र जुन्याच उंचीचा.
हे आधी कुणी बोललं नव्हतं.
रात्री आठला पुन्हा बाबालाल. कटर, ठिणग्या, वेल्डिंग.
कापलेला तुकडा खिशात घातला,
अजून गरम होता.

सोमवारी दसरा चौक. लाल.
डावी टाच टेकली.
बुटाच्या तळातून खडी लागली, डांबर लागलं,
रस्ता तिथं जरा डावीकडे उतरता आहे
हे पहिल्यांदाच कळलं.
मग गंमत म्हणून उजवीही टेकली.
शेजारचा रिक्षावाला तंबाखू मळत होता,
त्यानं काही पाहिलं नाही.
हिरवा झाला तरी मी तशीच. मागून हॉर्न.

पुढच्याच स्पीडब्रेकरला पोट घासलं. खर्रकन.
असू दे. तिरकी घ्यायची शिकेन.

घरी आई जुन्या स्प्रिंगा पेपरात गुंडाळत होती.
"टाकू नको गं, लागतील."
मी एकेचाळीसची आहे.
म्हटलं, "कधी, आई?"
ती स्टुलावर चढलेली,
माळ्यापर्यंत हात पुरत नव्हता,
दोन्ही टाचा वर.